वारा, पवनचक्की आणि लाटा: हे गणित आलं कुठून?

वारा दुप्पट झाला की पवनचक्कीला मिळणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाने वाढते: २ × २ × २. सेकंदाला ५ मीटरचा वारा ६ मीटर झाला, अंगाला फरकसुद्धा जाणवणार नाही, तरी ताकद तब्बल ७३ टक्के वाढते. म्हणून तर साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या उघड्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, खाली गावाच्या आडोशाला कोणी लावत नाही.

हा घनाचा नियम मांडला गेला १७५९ साली, म्हणजे पवनचक्कीवर वीज बनवायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं तेव्हा. जॉन स्मीटन हा इंग्लंडचा इंजिनियर, त्याला वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्या सुधारायच्या होत्या, पण हव्या तेवढ्या वेगाचा वारा सांगून थोडीच येतो, म्हणून त्याने उलटंच केलं, छोटी पाती एका आडव्या दांड्याच्या टोकाला बसवली आणि दोरी ओढून तो दांडाच स्थिर हवेत गरागरा फिरवला. पाती किती वजन किती वेगाने उचलतात ते मोजत गेला. केवढी साधी युक्ती!

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्याच वर्षी त्याच माणसाने बांधलेलं एडिस्टोनचं दीपगृह सुरू झालं. इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ समुद्रातल्या या खडकावरचं पहिलं दीपगृह १७०३ च्या वादळात बांधणाऱ्यासकट वाहून गेलेलं, म्हणून स्मीटनने ग्रॅनाइटचे दगड खाचा पाडून एकमेकांत असे अडकवले की लाटेला एकही दगड सुटा मिळू नये. ते शंभरावर वर्षं टिकलं, शेवटी खालचा खडकच झिजायला लागला तेव्हा वरचा भाग उतरवून प्लिमथला नेला.

गिरणीची पाती पाहून वारा ओळखायची स्मीटनची पद्धत ब्रिटिश आरमाराचे नकाशे सांभाळणाऱ्या डॅलरिम्पलमार्फत फ्रान्सिस बोफोर्ट या नौदल अधिकाऱ्याकडे पोचली. त्याने १८०६-०७ मध्ये तीच कल्पना जहाजावर नेली, कुठल्या वाऱ्यात किती शिडं ठेवायची यावरून वाऱ्याला आकडे दिले. पुढे शिडं गेली आणि समुद्राचं रूप बघून आकडा ठरू लागला.

पण लाट किती उठणार हे नुसत्या वेगावर ठरत नाही. वारा किती तास वाहिला आणि त्याला मोकळा समुद्र किती लांब मिळाला, हेही बघावं लागतं. स्वेरड्रुप आणि मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात हे गणित बसवलं कारण सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची चढाई ५ जून १९४४ ची खराब हवेमुळे ६ जूनला गेली. भरपूर वेळ आणि अंतर मिळालं तर दुप्पट वाऱ्याने लाटेची उंची साधारण चौपट होते आणि ऊर्जा उंचीच्या वर्गात वाढते, म्हणजे सोळापट! आपल्याकडे पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अख्खा अरबी समुद्र ओलांडून येतो, वेग, वेळ, अंतर तिन्ही एकदम, म्हणून कोकणात जून-जुलैत समुद्र तसा खवळतो.

१९७३ ला तेल महागलं आणि या सोळापटीकडे लोकांचं नीट लक्ष गेलं. एडिनबराच्या स्टीफन सॉल्टरने १९७४ मध्ये लाटेवर डुलून वीज बनवणारं यंत्र मांडलं. भारतात आयआयटी मद्रासने केरळमध्ये विळिंजमला १९९१ मध्ये लाटेपासून वीज बनवायचा १५० किलोवॅटचा प्रयोग उभा केला, आता तो बंद आहे, पण रचना बघण्यासारखी होती. बंदराच्या बांधाजवळ काँक्रीटची खोली, लाट आत शिरली की पाणी वर चढून कोंडलेली हवा ढकलणार, लाट मागे गेली की हवा परत आत ओढली जाणार. ही ये-जा करणारी हवा टर्बाइन, म्हणजे वीज बनवणारं पात्यांचं चाक, फिरवणार, आणि त्याची पाती अशी की हवा कुठूनही आली तरी चाक एकाच दिशेने फिरतं.