मानकुरादचं कलम आणि पोर्तुगालची जुनी द्राक्षं

मानकुराद आंब्याची कोय पेरली तर मानकुराद मिळत नाही हे गोव्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. झाड येतं, आंबेही लागतात पण चव भलतीच, म्हणून आमचे आजोबा पावसाळा लागला की जुन्या झाडाची काडी आणून कोयीतून उगवलेल्या रोपावर कोय कलम बांधायचे. वाइनच्या द्राक्षाचं अगदी हेच आहे. बी पेरलं तर वेगळीच वेल उगवते, कारण द्राक्षाच्या बऱ्याच जनुकांच्या दोन प्रती एकसारख्या नसतात आणि बी धरताना त्या पत्त्यांसारख्या नव्याने पिसल्या जातात. काबेर्ने सोव्हिन्यों ही जगप्रसिद्ध जात अशीच झाली, काबेर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून, हे 1997 साली डीएनए तपासून कळलं. त्या एका रोपाच्या काड्या लावत लावतच ती जगभर गेली.

म्हणजे जुनी जात म्हणजे खरं तर एकच म्हातारी वेल, कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या काडीकाडीने जिवंत ठेवलेली. पोर्तुगालमध्ये अशा अडीचशेच्या आसपास देशी जाती आहेत, तुरीगा नासिओनाल, बागा, रामिश्कु वगैरे, आणि त्यातल्या कितीतरी आज आहेत कारण घरच्या छोट्या मळ्यांत लोकांनी जुन्या वेली उपटल्या नाहीत.

1860 नंतर मात्र हे सगळंच संपायची वेळ आली होती. फायलोक्सेरा नावाची जेमतेम एक मिलिमीटरची कीड अमेरिकेतून युरोपात पोचली, ती मुळांतला रस शोषते, मुळांना गाठी येतात, जखमांतून बुरशी शिरते आणि वेल वाळते. अमेरिकन जंगली द्राक्षं या किडीबरोबरच वाढलेली, त्यांची मुळं जखमेभोवती बुचासारखा थर धरून ती बंद करतात. मग उपाय निघाला तो आपल्या ओळखीचाच, कलम! खाली अमेरिकन खुंट, वर देशी काडी. नाशिककडचे बागायतदार आज डॉगरिज या अमेरिकन खुंटावर डोळे भरतात, म्हणजे हव्या त्या जातीचा डोळा बसवतात, तेच तंत्र, फक्त तिथे कारण क्षार आणि पाण्याची ओढ. लिस्बनजवळ कोलारिशला मात्र रामिश्कुच्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, कारण वाळूत ही कीड टिकत नाही. तिथे वाळूत खोल चर खणून खालच्या चिकणमातीत काडी लावतात, केवढे कष्ट बघा.

पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातल्या जुन्या मळ्यांबद्दल वाचलं की मला आमचं कुळागर आठवतं. माड, पोफळी, मिरी, केळी सगळं एकत्र असतं ना, तसं तिथे एकाच तुकड्यात कितीतरी जाती मिसळून लावलेल्या असतात आणि एकत्रच खुडून आंबवतात. एखादी जात फुलोऱ्यात असताना पाऊस आला तर ती गेली, पण बाकीच्या हाती लागतात. शिवाय एकाच जातीतल्या वेलीही हुबेहूब नसतात, पेशी विभागताना बारीक बदल होतात आणि काडीबरोबर पुढे जातात. पिनो न्वार काळी, पिनो ग्री करडी-गुलाबी, पिनो ब्लां पांढरी, तिन्ही मुळात एकच जात! त्यामुळे जुना मळा काढून सगळीकडे एकाच वेलीची रोपं लावली तर जातीचं नाव राहतं पण हे आतलं वैविध्य जातं, आणि उद्या उष्णता वाढली की उशिरा पिकणारी, आंबटपणा टिकवणारी वेल शोधायची कुठे?

आपल्याकडे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले तरी द्राक्षाचे मळे काही रुजले नाहीत. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, पानं ओलीच, डाऊनी हा बुरशीसारखा रोग येणारच, आणि वेलीला झोप लागेल अशी थंडीही नाही. म्हणून गोव्याच्या पोर्ट वाइनसाठी द्राक्षं घाटावरून येतात.

आजोबांचा मानकुराद 2021 च्या तौक्ते वादळात मुळासकट पडला. पण त्याचीच काडी डिचोलीला मावशीच्या परसात वीस वर्षांपूर्वी बांधलेली आहे, ते झाड आता चांगलं धरतं, यंदा जूनमध्ये तिथूनच काडी आणायची ठरवलीय.