सावड

सावड : शेतकरी कुटुंबांनी मजुरी न देता-घेता आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची पद्धत. वारंगुळा, इर्जिक, पडकई ही नावेही तिच्यासाठी वापरली जातात. पण ती सर्वस्वी समानार्थी नाहीत. सावडीत दिवसाची फेड दिवसाने होते. इर्जिकीत ज्याचे शेत तो जेवू घालतो आणि बहुधा तेवढ्यावर भागते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातील पडकई मुख्यतः उतारावर भातखाचरे पाडण्याशी निगडित आहे.

शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. विखुरलेले गोळा करणे या अर्थाच्या ‘सावडणे’ (उदा., अस्थी सावडणे) या क्रियापदाशी त्याचा संबंध असावा, आरंभीच्या ‘सा’मध्ये ‘सह’ पाहण्यापेक्षा हे अधिक सयुक्तिक वाटते. प्रथेच्या प्राचीनत्वासाठी कौटिलीय अर्थशास्त्राचा आधार घेता येतो. गावाने मिळून बंधारा घालताना जो अंग काढून घेईल, त्याच्या चाकरांनी व बैलांनी काम करावे, त्याने खर्चही सोसावा, पण लाभात त्याला वाटा नसावा, असे त्यात म्हटले आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत मानला जातो. आजचा कल उत्तरकाळाकडे आहे. मात्र हे वचन सार्वजनिक कामाविषयीचे असल्याने त्यात सावडीचे मूळ शोधू नये. वेठीशी (सं. विष्टि) तर सावडीची गल्लत मुळीच करू नये, वेठ वरून लादलेली, सावड बरोबरीची.

अडचणीतल्या घराला सावड तारते ती कर्ज न काढता. दुष्काळात एक बैल गेला, तर तसेच दुसरे घर गाठून दोन्ही बैल एका औताला जुंपतात व दोन्ही शेते पेरून काढतात. कोकणात रोप तयार झाले की लावणी खोळंबून चालत नाही. घरात बाळंतपण वा आजारपण असले तरी इरली (पावसापासून बचावासाठी पानांची आच्छादने) घेतलेल्या सावडकरणी चिखलात उतरतात, खाचर लावून होते आणि फेड पुढे केव्हातरी होते. हा हिशेब तोंडीच असतो. बैलजोडी घेऊन आलेल्याचा दिवस अर्थातच एकापेक्षा अधिक माणसांच्या दिवसांबरोबर धरतात. अशा कामात भलरी गातात.

सावडीला दोन्हीकडे जमीन लागते. त्यामुळे भूमिहीन कुटुंबे तिच्याबाहेर राहिली. त्यांना आधार मिळाला तो मजुरीचा, आणि १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा (अधिनियम १९७७). ट्रॅक्टर व रोखीची मजुरी आल्यापासून सावड आटली आहे. भातलावणीत ती अजून आढळते.