लाइट गेली, हे मीटर कसा कळवतो?

‘मीटर स्मार्ट आहे ना, मग लाइट गेल्यावर तक्रार आम्हीच का करायची?’ प्रश्न रास्त आहे. मीटरचा निरोप पाठवणारा रेडिओ चालतो त्याच विजेवर. ती गेली की बोलणार कशाच्या जोरावर?

त्यासाठी मीटरमध्ये सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, बसवतात. मरता मरता पाठवलेल्या निरोपाला इंजिनिअर ‘लास्ट गॅस्प’ म्हणतात. समजा, कपॅसिटर 1 फॅरडचा आहे आणि तो 5 व्होल्टवरून 3 व्होल्टपर्यंत उतरतो. शाळेतल्या ½CV² ने 8 ज्यूल मिळतात. रेडिओ आणि प्रोसेसर मिळून अर्धा वॅट खात असतील, तर आयुष्य 16 सेकंद. 100 बाइटांचा निरोप सेकंदाला 50 किलोबिट वेगाने 16 मिलिसेकंदांत जातो.

म्हणजे वेळ भरपूर! जाहिरातपत्रक इथेच थांबतं.

पण डीपी (वस्तीला वीज देणारं रोहित्र) बंद पडली की तिच्यावरचे, धरा, 200 मीटर एकाच क्षणी मरतात. शिस्तीत रांग लावली तर सगळ्यांचं 3.2 सेकंदांत उरकेल, पण रांग लावणार कोण? दोन निरोप एकमेकांवर आदळले की दोन्ही वाया. ज्याला वाटेल तेव्हा तो बोलला, तर एका चॅनेलचा जेमतेम 18 टक्के वेळ कामी येतो, हे गणिताने निघतं. 3.2 भागिले 0.18 म्हणजे सतरा-अठरा सेकंद. कपॅसिटर सोळाव्यालाच संपला.

त्यात मेशची, म्हणजे मीटरांनी एकमेकांचे निरोप पुढे देण्याच्या जाळ्याची, अडचण. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. दाट वस्तीत त्यावरचा निरोप शेजारच्या मीटरवरून उड्या मारत संकलकापर्यंत, म्हणजे सगळे निरोप गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, जातो. आता शेजारीही अंधारात. म्हणून प्रत्येक मीटर आधी यादृच्छिक वेळ थांबतो, आणि मधला मीटर वीस निरोप वेगवेगळे न पाठवता वीस क्रमांकांची एक यादी पुढे ढकलतो. सिमवाल्या मीटरला ही कटकट नाही, टॉवरला स्वतःची बॅटरी असते. पण जिन्याखालच्या मीटरखोलीत रेंज कुठली?

खरं तर सगळ्यांचं ऐकू येण्याची गरजच नसते. थोडे निरोप आले, तरी त्यांच्या नक्षीवरून दोष ओळखता येतो. वस्तीत वीज आर, वाय, बी अशा तीन फेजच्या तारांनी येते. फक्त आर फेजचे मीटर गेले, तर लघुदाबाचा (घरांकडच्या बाजूचा) एक फ्यूज उडाला. 11 केव्ही (उच्चदाबाच्या) बाजूचा एकच डीओ, म्हणजे उडाला की खाली लोंबणारा फ्यूज, पडला, तर चित्र निराळं: आपल्या रोहित्रांची जोडणी डेल्टा-स्टार (उच्चदाबाकडे त्रिकोणी, घरांकडे ताऱ्यासारखी) असल्यामुळे एका फेजवर पूर्ण दाब राहतो आणि उरलेल्या दोनवर साधारण निम्मा. तिथे लास्ट गॅस्पऐवजी कमी दाबाच्या सूचना येतात.

हे सगळं कोणतं घर कोणत्या फेजवर आहे, या नोंदीवर उभं आहे. लोड सारखा करायला वायरमन एखादं घर आरवरून वायवर टाकतो, नोंद मात्र जुनीच राहते. मग संगणक माणसाला भलत्याच फ्यूजकडे धाडतो.