झोजिला बंद होण्याआधी : लडाखच्या रसदीची पार्श्वभूमी

लडाखमध्ये आर्मी सर्व्हिस कोअरच्या, म्हणजे फौजेला रसद पुरवणाऱ्या दलाच्या, तुकडीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला खिंडीतला बर्फ कापून पहिला ट्रक पलीकडे उतरला की ते सुरू होते आणि खिंड पुन्हा बर्फाखाली गेली की मोठी धावपळ संपते. मधल्या काही महिन्यांत पीठ, तांदूळ, डाळ, तेल, दूधपावडर, डबाबंद फळे, रॉकेल, डिझेल असे सगळ्या हिवाळ्याचे सामान वर पोचवायचे असते. फौजेच्या भाषेत हे ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग, बोलताना नुसते ‘एडब्ल्यूएस’. दारूगोळा ऑर्डनन्स या वेगळ्या दलाच्या ताब्यात असतो (आपल्याकडचा पुलगावचा दारूगोळा डेपो त्यांचाच), पण रस्त्याने तोही बहुतेक याच गाड्यांतून जातो.

रसद तुटली की काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये पडले आणि महिन्याभरात पानिपतावर आपले सैन्य उपाशीपोटी लढाईला उभे राहिले. आजच्या सर्व्हिस कोअरची मुळेही त्याच १७६० पर्यंत, कंपनी सरकारच्या कमिसरिएटपर्यंत (रसद खात्यापर्यंत) मागे नेली जातात. हा योगायोगच, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही.

लडाखची गोष्ट मात्र १९४८ ची. लेहला पाकिस्तानी हल्लेखोरांचा वेढा पडण्याची चिन्हे होती आणि रस्ता नव्हताच. मेजर पृथी चंद यांची छोटी तुकडी ऐन फेब्रुवारीत श्रीनगरहून निघाली आणि झोजिला पायी ओलांडून मार्चमध्ये लेहला पोचली. इंजिनियर सोनम नोरबू यांनी स्थानिक माणसे हाताशी धरून नदीकाठी धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन तिथे डाकोटा विमान उतरवले. मग विमानांनी आलेल्या माणसांवर आणि सामानावर लेह तगले.

रस्ता नंतर आला. बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन मे १९६० मध्ये उभी राहिली आणि काश्मीर-लडाखचे काम ‘बीकन’ प्रकल्पाकडे गेले. १९६२ च्या चीन युद्धात पूर्व लडाखमधल्या चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडेसुद्धा एएन-१२ विमानांनीच न्यावे लागले होते, यावरून तेव्हाची अवस्था कळते. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि रसद सियाचिन हिमनदीवर चढली. तिथे रॉकेल हेच जीवन. बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) त्यावर पेटते, स्वयंपाक त्यावर होतो आणि प्यायचे पाणीही बर्फ वितळवूनच मिळते. सर्वांत उंच चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर एका फेरीत कधीकधी एकच जेरीकॅन नेऊ शकते.

तरीही या तुकड्यांचे वर्ष खऱ्या अर्थाने बदलले ते कारगिलने. तोपर्यंत द्रास-कारगिल भागातल्या अनेक उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या केल्या जात. हिमकडे कोसळायचे आणि इतक्या माणसांना सहा महिने पुरेल एवढे सामान वर ठेवणे परवडत नसे. १९९९ मध्ये घुसखोर बसले ते याच मोकळ्या जागांवर. द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरून श्रीनगर-लेह रस्ता सरळ नजरेच्या टप्प्यात येतो. मे महिन्याच्या सुरुवातीलाच कारगिलचा दारूगोळ्याचा साठा तोफांच्या माऱ्यात उडाला. पुढचे कित्येक आठवडे गाड्यांचे ताफे रात्री, दिवे बंद करून चालले. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर आणि समोरच्या गाडीचा अंदाज घेत स्टिअरिंग धरून बसलेले ड्रायव्हर. शौर्यपदकांच्या गोष्टींमध्ये ही माणसे फारशी दिसत नाहीत, आणि मला ते फार खुपते.

युद्धानंतर लेहला फौजेची चौदावी कोअर (अनेक डिव्हिजनची मोठी रचना) उभी राहिली आणि उन्हाळ्यापुरत्या चौक्या बारमाही झाल्या. चौकीवर एक माणूस हिवाळाभर ठेवायचा, तर त्याचे सहा महिन्यांचे अन्न, इंधन आणि कपडे ऑक्टोबरच्या आत वर हवेत. ‘एडब्ल्यूएस’चा आजचा पसारा याच हिशेबातून वाढला. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर सुमारे ५० हजार जादा सैनिक पूर्व लडाखमध्ये आल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा उन्हाळा अर्धा सरलेला होता आणि त्यांच्या हिवाळ्याची सोय उरलेल्या आठवड्यांत करायची होती.

रस्ते सुधारले आहेत, हेही खरे. पूर्वी झोजिला पाच-सहा महिने बंद असायची. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांत उघडली. मनालीकडून येणाऱ्या ताफ्यांना ऑक्टोबर २०२० पासून अटल बोगदा मिळाला आणि रोहतांगचा घाट टळला. थंडीत डिझेल गोठायचे, म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याची वेळ यायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आले. ते पहिल्यांदा तयार झाले पानिपतच्या रिफायनरीत. पानिपतहून उत्तरेकडे रसद निघते, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो होतो.

हिवाळ्यात डेपो शांत वाटतो, पण तिथे काम चालूच असते. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, बटाटा दगड होऊ द्यायचा नाही, गाड्यांची इंजिने उघडायची आणि माणसे गुणिले दिवस असा पुढच्या वर्षाच्या मागणीचा तक्ता भरायचा. नव्याने आलेल्या ड्रायव्हरलाही हवामान अंगवळणी पाडायला पहिल्या टप्प्यावर सहा दिवस थांबावेच लागते. त्यात घाई चालत नाही.

झोजिलाखालचा बोगदा पुरा झाला की ट्रक बाराही महिने येतील. पण रस्ता संपतो तिथून पुढे आजही पोर्टर आणि खेचरे आहेत. हे पोर्टर बहुतेक लडाखी गावांतलेच. खेचराच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचा एकेक जेरीकॅन लावतात, दोरी आवळतात, मग जवान दोन्हीकडून हाताने उचलून वजन बघतो. एक बाजू जराशी जड वाटली तरी तो सगळे सोडून पुन्हा बांधतो, कारण चढावर खोगीर सरकले तर खेचर आणि रॉकेल दोन्ही दरीत जातात.