हाडवैऱ्याने जिंकावं म्हणून

6 डिसेंबर 2003 रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाने ओरेगन स्टेटला 52-28 असं हरवलं. त्याच दिवशी तिकडे सिरॅक्यूजने नोटर डेमची 38-12 अशी धूळधाण उडवली. नोटर डेम म्हणजे सदर्न कॅलिफोर्नियाचा 1926 पासूनचा हाडवैरी. एरवी या निकालावर पेढेच वाटले असते. पण सदर्न कॅलिफोर्नियाने मोसमात नोटर डेमला हरवलं होतं, आणि हरवलेला संघ जितका दुबळा ठरेल तितका आपला विजय स्वस्त! प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा त्यांचा आकडा घसरला. पत्रकार आणि प्रशिक्षक, दोघांच्याही मतचाचण्यांत पहिला असलेला हा संघ एकूण गणितात 0.16 गुणांनी तिसरा आला आणि पहिल्या दोघांनाच मिळणारा अंतिम सामना हुकला.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली ही विचित्र प्रार्थना, वैऱ्याने जिंकावं, शेजाऱ्याने हरावं, या खेळाच्या रचनेतूनच आली आहे. वरच्या श्रेणीत आज 130 हून जास्त संघ, आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 12 सामने. बहुतेक संघ एकमेकांशी खेळतच नाहीत. मग श्रेष्ठ कोण? 1936 पासून असोसिएटेड प्रेसचे क्रीडापत्रकार मतं देऊन ते ठरवू लागले, पुढे प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी आली. दोघांचं जुळलं नाही की विजेते दोन. 1997 च्या मोसमात मिशिगन आणि नेब्रास्का, दोघंही विजेते!

हा घोळ मिटवायला 1998 मध्ये बीसीएस, म्हणजे बाउल चॅम्पियनशिप सिरीज ही पद्धत आली. मतं आणि संगणकांची क्रमवारी यांची बेरीज करायची आणि वरच्या दोघांना भिडवायचं. जागा दोनच, त्यामुळे वरचे पडावेत एवढीच इच्छा. 1 डिसेंबर 2007 ला ती अक्षरशः फळली. पहिल्या क्रमांकाचं मिसुरी ओक्लाहोमाकडून हरलं, दुसऱ्या क्रमांकाच्या वेस्ट व्हर्जिनियाला पिट्सबर्गने 13-9 असं घरच्या मैदानावर गाडलं. सातव्या क्रमांकावरचं लुइझियाना स्टेट थेट अंतिम सामन्यात गेलं आणि दोन पराभव पदरात असताना विजेतं झालं.

2014 पासून चार संघांची प्लेऑफ आली, आणि संगणकाच्या जागी 13 जणांची निवड समिती. माझ्या मते खरी गंमत इथे सुरू झाली. आयपीएलमध्ये आपण जर-तर मांडतो तेव्हा नेट रनरेट निदान कागदावर काढता येतो. इथे माणसांच्या मनातलं ओळखायचं. पहिल्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावरच्या टेक्सास ख्रिश्चनने शेवटचा सामना 55-3 असा जिंकला आणि तो सहावा झाला! 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट 13 पैकी 13 जिंकूनही बाहेर राहिलं.

2024 पासून जागा 12 झाल्या, त्यांतल्या पाच कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांसाठी राखीव. वाद कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, कारण आता आशा धरून बसलेले संघ वाढले. त्या डिसेंबरात अलाबामाचे चाहते कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात क्लेमसनशी खेळणाऱ्या सदर्न मेथडिस्टसाठी देव पाण्यात ठेवून बसले होते. कारण एकच: क्लेमसन जिंकलं तर विजेत्याची राखीव जागा त्याला जाणार आणि तरीही सदर्न मेथडिस्ट आत राहू शकणार. क्लेमसनने शेवटच्या क्षणी 56 यार्डांवरून गोल मारला, 34-31. दोघंही आत, अलाबामा बाहेर.

2025 मध्ये तर खेळायचीही गरज उरली नाही. नोटर डेम दहावं, ब्रिगहॅम यंग अकरावं, मायामी बारावं. शेवटच्या शनिवारी नोटर डेम आणि मायामी घरीच होते. ब्रिगहॅम यंग टेक्सास टेककडून 34-7 हरलं आणि या दोघांमधून बाजूला झालं. आता दोघं शेजारी आले, तेव्हा समितीला मोसमाच्या सुरुवातीचा त्यांचा आपसातला सामना आठवला, जो मायामीने 27-24 असा जिंकला होता. मायामी आत गेलं, नोटर डेम बाहेर राहिलं, कारण राखीव जागा खालच्या क्रमांकाच्या विजेत्यांनाही जातात. त्याच शनिवारी जॉर्जियाकडून मार खाल्लेलं अलाबामा मात्र नवव्या जागेवरून तसूभरही हललं नाही. नोटर डेमच्या चाहत्यांनी त्या दिवशी ब्रिगहॅम यंगने हरावं, पण थोडक्यातच, अशी प्रार्थना करायला हवी होती, पण ते आदल्या दिवशी कुणाला सुचणार?