ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे घरची बाळंतपणं करायची आहेत? नोंदणी, विमा आणि कागदपत्रं

एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची) नोकरी सोडून स्वतःच्या बळावर घरची बाळंतपणं करायची ठरवली, की सगळ्यात आधी विमा, म्हणजे तुमच्या कामातून इजा झाल्याचा दावा आला तर भरपाई देणारं संरक्षण, आडवा येतो. नोंदणी, करखातं, डॉपलर (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र), ऑक्सिजन या सगळ्याला वाट सापडते. विम्याशिवाय मात्र कायद्यानं कामच करता येत नाही.

पात्रतेचं थोडक्यात सांगते. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या (एनएमसी) नोंदवहीत तुमचं नाव मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) म्हणून असायला हवं. नुसती नर्स म्हणून असलेली नोंदणी चालत नाही. भारतात ‘आरएनआरएम’ (नर्स आणि मिडवाइफ दोन्ही) अशी जोडनोंदणी मिळालेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण ब्रिटनमध्ये हे दोन वेगळे पेशे आहेत. नर्सिंग अँड मिडवायफरी ऑर्डर २००१ च्या कलम ४५ नुसार नोंदणीकृत मिडवाइफ किंवा डॉक्टर नसलेल्या माणसानं बाळंतपण करणं हा गुन्हा आहे. अचानक ओढवलेला प्रसंग आणि प्रशिक्षणार्थी हे अपवाद. घरीच बाळंत व्हायचं हा बाईचा निर्णय मात्र बेकायदा नाही. कलम आहे ते बाळंतपण करणाऱ्यासाठी.

आता विमा. रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्हज या मिडवाइफांच्या संघटनेनं १९९४ मध्ये स्वतंत्र मिडवाइफांचं विमा संरक्षण काढून घेतलं. त्यानंतर वीसेक वर्षं अनेकजणींनी विम्याविनाच काम केलं, आणि तसं कुटुंबाला आधी स्पष्ट सांगितलं. १७ जुलै २०१४ पासून ती वाट बंद झाली. तेव्हापासून ‘योग्य’ संरक्षण असणं ही नोंदणीचीच अट आहे. योग्य म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात नाही. तुमच्या कामातल्या जोखमीला पुरेल इतकं, एवढंच. पॉलिसी आधी तपासून त्यावर शिक्का देणं हे एनएमसीचं काम नाही. संरक्षण असल्याचं तुम्हीच जाहीर करायचं, आणि ते अपुरं निघालं तर परिणामही तुम्हीच भोगायचे. २०१७ च्या सुरुवातीला हेच घडलं. ‘इंडिपेंडंट मिडवाइव्हज यूके’ या संघटनेच्या सभासद ज्या योजनेवर विसंबून होत्या, ती एनएमसीनं अपुरी ठरवली. सुमारे ८० जणींना प्रसूती करणं थांबवावं लागलं, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना ऐनवेळी दुसरी सोय बघावी लागली.

हप्ता एवढा का? घरचं बाळंतपण धोक्याचं म्हणून, असं उत्तर पटकन दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. खरी भीती दाव्याच्या लांब शेपटीची आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या मुदत कायद्यानुसार इजेचा दावा करायला तीन वर्षं मिळतात, पण मुलाच्या बाबतीत ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. मेंदूला इजा होऊन स्वतःचे निर्णय घेण्याची क्षमता उरली नसेल, तर मुदत सुरूच होत नाही. भरपाईत जन्मभराच्या देखभालीचा खर्च येतो, म्हणून रक्कम लाखो पाउंडांत जाते. त्यात सरकारी ‘डिस्काउंट रेट’ची भर. एकरकमी भरपाई गुंतवल्यावर किती परतावा मिळेल याचा तो धरलेला दर; तो जितका कमी, तितकी भरपाई जास्त. मार्च २०१७ मध्ये तो २.५ टक्क्यांवरून थेट उणे ०.७५ वर आला आणि भरपाईच्या रकमा एकदम फुगल्या. जानेवारी २०२५ पासून तो अधिक ०.५ आहे. एनएचएसचा बोजा सगळ्या ट्रस्टांच्या (तिची हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांच्या) सामायिक योजनेत वाटला जातो. मूठभर स्वतंत्र मिडवाइफांमध्ये तो वाटायचा कुणात?

म्हणून पॉलिसी हातात आली की आधी एकच गोष्ट शोधा: प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळची सेवा त्यात धरली आहे का? गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या भेटींपुरती पॉलिसी त्या मानानं स्वस्त मिळते. ती घेऊन प्रसूतीला उभं राहणं म्हणजे विम्याविना उभं राहणं. दुसरं, दावा आला त्या वर्षीची पॉलिसी लागू होते की घटना घडली त्या वर्षीची? पहिला प्रकार असेल तर काम थांबवल्यानंतरच्या दाव्यांसाठी वेगळं संरक्षण लागेल. त्याचा खर्च आजच विचारून ठेवा. हे सगळं एकटीनं पेलणार नसेल, तर स्वतःची पॉलिसी असलेल्या खासगी मिडवायफरी संस्थेत नोकरी करणं हा रडका पर्याय मुळीच नाही.

विमा कंपनीला साधारणपणे लागतं ते असं: एनएमसीचा पिन (नोंदणी क्रमांक), आतापर्यंतच्या कामाचा तपशील, आधीचे दावे किंवा तक्रारी, प्रसूतीतल्या आणीबाणीचं व नवजात बाळाला श्वास देण्याचं अलीकडचं प्रशिक्षण, आणि हॉस्पिटलला कधी व कसं हलवणार याची लेखी पद्धत. डीबीएसचा वाढीव दाखला (गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या तपासणीचा) जवळ ठेवा. स्वयंरोजगाराची नोंद एचएमआरसीकडे (करखात्याकडे) करा. रुग्णनोंदी ठेवता म्हणून माहिती आयुक्तांच्या (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यालयाकडे शुल्क भरा. या नोंदी एनएचएसच्या नियमावलीप्रमाणे २५ वर्षं जपायच्या असतात. तुम्हीही त्याहून कमी जपू नका, दावा आला तर तुमच्या बाजूनं बोलणारं तेवढंच असतं.

काम सुरू झाल्यावर प्रत्येक जन्माची सूचना ३६ तासांच्या आत द्यायची. दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणी टिकवण्यासाठीची फेरतपासणी: ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, त्यातले २० इतरांसोबत, आणि पुन्हा विम्याचं जाहीरपत्र. ‘सुपरव्हायझरकडे दरवर्षी फॉर्म भरा’ असं कुणी सांगितलं तर ती जुनी माहिती. ती देखरेख पद्धत ३१ मार्च २०१७ ला संपली.

पॉलिसी मध्येच बंद पडली तर एनएमसीला लगेच कळवावं लागतं. नूतनीकरणाची तारीख आणि हाती घेतलेल्या बायकांच्या अपेक्षित तारखा एकाच वहीत शेजारी लिहून ठेवा.