मोनेचं तळं: आधी खणलं, मग रंगवलं

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची वॉटर लिलीजची चित्रं आता मोबाईलच्या कव्हरवर, छत्रीवर, कुठेही दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की बुवाला एक छान तळं सापडलं आणि तो ते काढत बसला. तसं काही नाहीये. तळं त्याने स्वतः खणून घेतलं होतं, आणि त्यासाठी गावाशी बऱ्यापैकी भांडणही झालं होतं.

पाण्याचा नाद मात्र जुना. १८७० च्या दशकात पॅरिसजवळच्या आर्जंतोईला राहत असताना त्याने एका बोटीवरच स्टुडिओ थाटलेला, सीन नदीत बसून चित्रं काढायची! १८७४ च्या ज्या प्रदर्शनातून त्याच्या गटाला इम्प्रेशनिस्ट हे नाव पडलं त्यातलं त्याचं गाजलेलं चित्रही ल हाव्र बंदराच्या पाण्याचंच.

१८८३ मध्ये तो जिव्हर्नी गावात भाड्याने राहायला आला, १८९० मध्ये ते घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेऊन एप्त नदीच्या फाट्याचं पाणी तिकडे वळवायची परमिशन मागितली. गावकरी खवळले. ही परदेशी झाडं पाणी नासवणार, मग गुरांनी प्यायचं काय आणि कपडे धुवायचे कुठे? शेवटी परमिशन मिळाली. लिलीज आणल्या फ्रान्समधल्याच लातूर-मार्लियाक नर्सरीच्या, त्यांच्या रंगीत हायब्रिड जाती १८८९ च्या पॅरिस एक्स्पोमध्ये सगळ्यांनी बघितल्या होत्या.

मेंटेनन्स तर विचारूच नका. एक माळी बोटीतून फिरून शेवाळ काढायचा, पानांवरची धूळ धुवायचा, आणि बाजूच्या रस्त्याची धूळ उडते म्हणून मोनेने स्वतःच्या पैशाने त्यावर डांबर टाकून घेतलं. माझ्या मते हे श्रीमंताचं खूळ नाही, पाण्यावर धुळीचा थर असेल तर त्यात आभाळ दिसणार कसं.

आणि आभाळच तर हवं होतं. १८९९ च्या आसपासच्या चित्रांत तळ्यावरचा जपानी पूल आहे, काठ आहे, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं. १९०९ मध्ये चित्रविक्रेता दुरां-रुएलच्या गॅलरीत ४८ चित्रं लावली तेव्हा बहुतेक चित्रांतून काठ गायब, क्षितिजही नाही, नुसतं पाणी. नीट बघितलं तर लिलीची पानं आडव्या फटकाऱ्यांत आणि झाडांची प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांत आहेत, एवढ्यावरच पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यातली खोली वेगळी होते, बाकी काही रेखाटन नाही.

मग बायको अ‍ॅलिस गेली १९११ ला, १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, १९१४ मध्ये मोठा मुलगा गेला, त्यातच महायुद्ध. तरी लिलीजचे मोठे पॅनल (भिंतभर चित्रं) चालूच. १२ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, त्याने मित्र क्लेमान्सोला (तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान) पत्र लिहून दोन पॅनल देशाला देऊ केले, आणि वाढत वाढत ते २२ झाले. १९२३ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन. डिसेंबर १९२६ मध्ये तो वारला, आणि पॅरिसच्या ओरांजरी म्युझियममधल्या, हे पॅनल लावलेल्या दोन अंडाकृती खोल्या १९२७ च्या मे महिन्यात उघडल्या.

सुरुवातीला फारसं कोणी फिरकलं नाही. वर आणखी कहर म्हणजे १९६० च्या दशकात दुसरं कलेक्शन ठेवायला याच खोल्यांच्या डोक्यावर मजला चढवला आणि छतातून येणारा उजेड बंद! उजेडाच्या चित्रांना ट्यूबलाइटची शिक्षा. तो मजला काढून वरून दिवसाचा उजेड परत यायला २००६ उजाडलं.